ही मालिका शाळकरी मुलांनी एकट्यानं बघू नये

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत त्या नव्या क्राइम मालिकेवर आलेलं परीक्षण वाचलं आणि राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय. मालिकेचं नाव मुद्दाम घेत नाहीये, एक तर सध्या ते सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि दुसरं म्हणजे मला जे म्हणायचंय ते त्या एकाच मालिकेबद्दल नाही, त्याच साच्यातून निघालेल्या बाकीच्या मालिकांनाही ते तेवढंच लागू पडतं. परीक्षण चांगलं होतं, अभिनय, कॅमेरा, संवाद सगळ्यावर नेमकं लिहिलं होतं आणि त्यातलं बरंचसं कौतुक मलाही पटलं, कारण मी ती मालिका पहिल्या एपिसोडपासून शेवटपर्यंत बघितलीये, ऐकीव माहितीवर बोलत नाहीये. पण शेवटी घरातल्या सगळ्यांनी मिळून, अगदी शाळकरी मुलांनीसुद्धा बघावी अशा अर्थाचं जे वाक्य आलंय ते मला अजिबात पटलं नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी ही मालिका बघू नये आणि पंधरा-सोळाच्या मुलांनी ती एकट्यानं बघू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यामागचं कारण बहुतेक लोक देतात ते नाही.

मी माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. म्हणजे नेमकी याच वयातली मुलं रोज समोर असतात. सध्या त्यांच्या बोलण्यात ही मालिका इतकी आहे की जिनं बघितली नाही तिला मधल्या सुट्टीत बोलायलाच काही उरत नाही, आणि मग तीही कुणाच्या तरी मोबाइलवर बघते. त्यामुळे 'आमच्या घरात असलं काही कोणी बघत नाही' असं म्हणणाऱ्या पालकांनी फार निर्धास्त राहू नये एवढंच सुचवते.

या मालिकेवर टीका करणारे सगळे पहिल्यांदा रक्ताबद्दल बोलतात आणि मग शिव्यांबद्दल. रक्त भरपूर आहे हे खरंच आहे. तिसऱ्या एपिसोडमधला खुनाचा सीन इतका लांबवलाय की मोठ्या माणसालाही तोंड फिरवावंसं वाटतं, आणि तो तेवढा लांबवण्याची कथेला काहीही गरज नव्हती. शिव्यांचं म्हणाल तर त्या मुलांना मालिकेच्या आधीपासून येतात, त्याचा दोष मालिकेला देऊन उपयोग नाही. पण रक्त बघून मुलं एकतर घाबरतात किंवा किळस करतात, आणि या दोन्ही प्रतिक्रिया तशा निरोगीच म्हणायच्या. मला जास्त काळजी वाटते ती ज्या सीनला मुलं घाबरत नाहीत, किळस करत नाहीत, उलट टाळ्या वाजवतात त्या सीनची. म्हणजे संशयिताला खोलीत बसवून त्याला बोलतं करण्याचा सीन. जवळपास प्रत्येक एपिसोडमध्ये तो आहे, आणि जवळपास प्रत्येक एपिसोडमध्ये तोच सगळ्यात 'भारी' सीन आहे.

आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत नववीतली मुलं हा सीन खेळतात. एकाला खुर्चीवर बसवायचं, दप्तराच्या पट्ट्यांनी हात मागे बांधल्यासारखे करायचे, खिडक्या लावून घ्यायच्या, आणि एकानं बाह्या वर करून हळूहळू त्याच्याभोवती फिरायचं. मालिकेतला तो अधिकारी बोलायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतो ना, तेही अगदी तसंच करायचं, घड्याळ नसेल तर कंपासपेटी ठेवायची. मग डायलॉग. मग खोटी खोटी मारामारी, जी कधीकधी तितकीशी खोटी राहत नाही. खुर्चीवरचा मुलगा आधी नाही नाही म्हणतो आणि शेवटी 'हो, मीच केलं' म्हणतो, की सगळे ओरडतात आणि दुसऱ्याचा नंबर येतो. मी दारात उभी राहून हे पूर्ण बघितलं आणि नंतर त्यांना विचारलं की अरे, त्यानं खरंच काही केलेलं नसेल तर? सगळे गप्प. मग त्यातला एक, वर्गातला चांगला हुशार, विचार करून उत्तर देणारा मुलगा, मला म्हणाला, "मॅडम, मग एपिसोड कसा संपणार?"

त्यानं हे उद्धटपणे म्हटलं नव्हतं. त्याला खरंच प्रश्न पडला होता. आणि तो बरोबर होता, कारण ज्या मालिका तो बघतो त्यात खुर्चीवर बसलेला माणूस निर्दोष असतो असं जवळजवळ होतच नाही, झालंच तर पहिल्या दहा मिनिटांत, म्हणजे अजून कोणी हात उचललेला नसतो तेव्हा. एकदा मारायला सुरुवात झाली की तो गुन्हेगारच असतो. प्रेक्षकाला आधीच माहिती असतं की यानंच केलंय, आपण त्याला ते करताना बघितलेलं असतं, त्यामुळे पडणारा प्रत्येक फटका आपल्याला योग्यच वाटतो, उलट अजून एक पडावा असं वाटतं. आणि फटका पडला की खरं बाहेर येतं. लगेच. पत्ता मिळतो, मुलगी वाचते, गाडी वेळेवर पोचते. वकील नावाचा प्राणी या मालिकांत फक्त अडथळा म्हणून येतो, गुळगुळीत बोलणारा, महागडा सूट घातलेला, गुन्हेगाराला सोडवायला आलेला. वरिष्ठ अधिकारी नियमाचं काही बोलला तर तो एकतर भ्रष्ट निघतो नाहीतर भित्रा. म्हणजे नियम पाळणारा प्रत्येक माणूस वाईट आणि नियम मोडणारा एकटाच चांगला. हे एखाद्या एपिसोडमध्ये असतं तर मी काही म्हटलं नसतं, पण सीझनच्या सीझन हेच चाललंय आणि चौदा वर्षांचं मूल सुट्टीच्या दिवशी सलग सहा-सहा एपिसोड बघतं.

आता याच मुलांना मी वर्गात काय शिकवते ते सांगते. राज्यघटनेच्या कलम २० मध्ये लिहिलंय की आरोपीला स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. कलम २२ सांगतं की अटक केलेल्या माणसाला अटकेचं कारण सांगायला हवं, वकिलाचा सल्ला घेऊ द्यायला हवा आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला हवं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम २३ मध्ये ती कायम आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी, इंग्रजांच्या राज्यातसुद्धा, कायदा करणाऱ्यांना एवढं कळत होतं की कोंडून, मारून वदवून घेतलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवता येत नाही, कारण मार चुकवण्यासाठी माणूस काहीही कबूल करतो. पोलीस कोठडीतल्या मारहाणीची आणि मृत्यूंची दखल घेऊन सुप्रीम कोर्टानं डी. के. बसू खटल्यात १९९६ साली अटक कशी करायची याचे नियम घालून दिले, अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा पंचनामा हवा, नातेवाइकांना कळवायला हवं, कोठडीत असताना दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. ही सगळी माहिती मुलं परीक्षेत लिहितात आणि त्यांना मार्कही मिळतात. पण माझा तास पस्तीस मिनिटांचा असतो, त्यात बॅकग्राउंड म्युझिक नसतं, आणि संध्याकाळी घरी जाऊन ती जे बघतात त्यात हे सगळे नियम म्हणजे गुन्हेगाराला पळून जायची वाट असं दाखवलेलं असतं. यातलं त्यांच्या मनात काय राहत असेल ते वेगळं सांगायला नको.

मध्यंतरी आमच्याच वर्गात एकीचे पैसे हरवले. खरे कुठे गेले ते नंतर कळलं, तिच्याच वहीच्या कव्हरमध्ये होते. पण तोपर्यंत मुलांनी परस्पर एकाला धरलं होतं, कारण तो शेवटच्या बाकावर बसतो आणि त्याचे कपडे जुने असतात, आणि त्याला संडासाच्या मागच्या भिंतीशी उभं करून 'बोल, बोल' सुरू झालं होतं. त्यानं रडत रडत कबूल केलं. न घेतलेले पैसे घेतले म्हणून कबूल केलं! हे मालिकेमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, मुलं एकमेकांना आधीही छळत होतीच. पण त्याला विचारायची पद्धत, ते वाक्य, ते भिंतीशी उभं करणं, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे त्यानं कबूल केलं म्हणजे त्यानंच घेतले याबद्दलची सगळ्यांची खात्री, हे कुठून आलं ते मला ओळखू आलं. त्या मुलाच्या आईला शाळेत बोलावून हे सगळं सांगताना काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

दुसरी गोष्ट मेलेल्या मुलींची. या मालिकांत मरणारी व्यक्ती बहुतेक वेळा तरुण मुलगी असते आणि मेल्यानंतर तिला काही काम नसतं. स्टीलच्या टेबलावर ती पडलेली असते, कॅमेरा तिच्या हातावरून, खांद्यावरून, ओल्या केसांवरून सावकाश फिरतो, व्हायोलिन वाजत असतं, आणि बाजूला उभे राहून दोन पुरुष केसबद्दल बोलत असतात. तिला काय आवडायचं, तिची मैत्रीण कोण होती, ती गेल्यावर घरात काय झालं, यातलं काही नाही. परवाच्या एपिसोडमध्ये तिची आई ओळख पटवायला येते, चादर बाजूला होते, आई तोंड उघडते आणि तिच्या तोंडून आवाज निघायच्या आत सीन कट होऊन आपण थेट गाड्यांच्या पाठलागात. आईच्या रडण्याला चार सेकंदसुद्धा दिले नाहीत आणि खुनाच्या सीनला मात्र मिनिटांवर मिनिटं. मला विचाराल तर मालिका मुलांसाठी योग्य की अयोग्य हे ठरवायची खरी मोजपट्टी हीच असायला हवी, रक्त किती सांडलं यापेक्षा सांडल्यानंतर मागे राहिलेल्या माणसांकडे किती वेळ बघितलं. हिंसा दाखवा, पण तिचे परिणाम कापून टाकून दाखवू नका.

याचा मुलींवर होणारा परिणाम तर वेगळाच आहे. आठवीतल्या काही मुली मला सांगतात की त्या आता क्लासहून येताना जिन्यातला दिवा बंद असला तर खालीच थांबतात. हे तरी एकवेळ भीती म्हणून सोडून देऊ, काही दिवसांनी जाईल. पण घरचे तोच सीन दाखवून 'बघ, म्हणून सांगत असतो' असं म्हणून त्यांचं खेळायला जाणं, मैत्रिणीकडे अभ्यासाला जाणं बंद करतात. मालिकेतला खुनी अनोळखी असतो, रात्री फिरतो, मास्क घालतो. प्रत्यक्षात संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात २०२३ सालचे जगाचे आकडे आहेत, त्या वर्षी जाणूनबुजून मारल्या गेलेल्या सुमारे ८५ हजार स्त्रिया आणि मुलींपैकी साधारण ५१ हजारांचा, म्हणजे ६० टक्क्यांचा जीव नवऱ्यानं, जोडीदारानं किंवा घरातल्याच कोणीतरी घेतलेला होता. धोका जिथे जास्त असतो तिथे मालिका बघतच नाही, आणि जिथे कमी असतो तिथून मुलींना उचलून घरात आणून बसवते.

जास्त टीव्ही बघणाऱ्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त धोकादायक वाटायला लागतं, हे अमेरिकेतले संशोधक जॉर्ज गर्बनर यांनी १९७० च्या दशकातच मांडलं होतं, तेव्हा तर सलग सहा-सहा एपिसोड बघायची सोयही नव्हती. त्याआधी १९६१ मध्ये अल्बर्ट बांडुरा यांनी स्टॅनफर्डला लहान मुलांवर केलेला बाहुलीचा प्रयोगही प्रसिद्ध आहे, मोठ्या माणसाला बाहुली बडवताना बघून मुलांनीही ती तशीच बडवली. पण ती मुलं तीन ते सहा वर्षांची होती आणि समोर बाहुली होती, त्यामुळे त्या प्रयोगाचा दाखला देऊन 'मालिका बघून मुलं खुनी होतात' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मालिका बघून कोणी खुनी होत नाही. त्यावर साठ वर्षं वाद चालू आहे आणि तो चालू राहील. मला तो वाद करायचाच नाहीये. किशोरवयात मेंदूचा जो भाग थांबून विचार करायला लावतो, परिणामांचा अंदाज घेतो, तो अजून तयार होत असतो, विशी उलटून गेल्यावरही त्याची वाढ चालूच असते, एवढं शास्त्रज्ञ सांगतात, आणि या वयातल्या मुलांबरोबर राहणाऱ्या कुणालाही ते वेगळं शिकवावं लागत नाही. अशा वयात 'योग्य माणसानं मारलं तर मारणं योग्यच' ही गोष्ट रोज, उत्तम अभिनयासह आणि उत्तम संगीतासह समोर आली तर ती पटणारच. खुनी होणार नाहीत. पण उद्या ती मतदार होणार आहेत, पंच होणार आहेत, कोणी पोलीस होणार आहे, कोणी झुंडीत उभं राहून व्हिडिओ काढणार आहे.

'मग रेटिंग असतंच की' असं म्हणतील. असतं ना. ऑनलाइन मालिकांसाठी आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम आले, यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए असे पाच गट ठरले. या मालिकेला १६+ दिलेलं आहे, म्हणजे सोळाच्या आतल्या मुलांनी ती पालकांच्या देखरेखीखालीच बघावी हे खुद्द दाखवणाऱ्यांनीच सांगितलंय, तरी आपल्या परीक्षणात त्याचा उल्लेख नव्हता, ही माझी आपल्याकडे थेट तक्रार आहे. त्याच नियमांत असंही म्हटलंय की मुलं ज्याची नक्कल करू शकतील असं धोकादायक किंवा गुन्हेगारी वागणं दाखवलं असेल तर वरचं रेटिंग द्यावं, आणि १३+ पासून पुढच्या सगळ्याला पालकांना कुलूप लावता यावं अशी सोय हवी. कागदावर छान आहे. पण हे रेटिंग दाखवणारी कंपनी स्वतःच ठरवते. सुरुवातीला कोपऱ्यात बारीक अक्षरात ते येतं, आपण उशी सरळ करेपर्यंत गेलेलं असतं. एक एपिसोड संपून नावं सुरू झाली की पुढचा आपोआप चालू होतो. आणि कुलूप लावायचं तर मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावावा लागतो, तो किती घरांत लावलाय ते आपापल्या घरी बघा, पालकसभेत विचारलं तेव्हा निम्म्याहून जास्त पालकांना अशी सोय असते हेच माहिती नव्हतं. काही घरांत तर पिन मुलानंच लावून दिलेला होता.

चॅनेलवर दाखवल्या जाणाऱ्या मालिकांना तर हे वयाचे आकडेसुद्धा नसतात. केबल टीव्हीच्या नियमांत एवढंच लिहिलंय की मुलांसाठी अयोग्य कार्यक्रम जास्तीत जास्त मुलं टीव्ही बघत असतात अशा वेळी दाखवू नयेत. ब्रिटनमध्ये ही वेळ सरळ घड्याळावर ठरलेली आहे, रात्री ९ च्या आधी आणि पहाटे साडेपाचनंतर असलं काही दाखवायचं नाही. आपल्याकडेही तशी वेळ पाळली जावी असं मला वाटतं, पण खरं सांगायचं तर आता घड्याळानंही फार काही साधणार नाही, कारण मुलं टीव्हीवर बघतच नाहीत, कानात इअरफोन घालून पांघरुणात बघतात.

आणि त्याहून अवघड गोष्ट म्हणजे रील्स. आमच्या सातवी-आठवीतल्या कित्येक मुलांनी मालिका बघितलेलीच नाही, त्यांनी फक्त तो चौकशीच्या खोलीतला सीन बघितलाय, चाळीस सेकंदांचा, गाणं चढवलेला, स्लो मोशनमध्ये. त्याला पुढचं-मागचं काही नाही, रेटिंग तर नाहीच नाही. मालिकेत निदान त्या अधिकाऱ्याचं स्वतःचं घर मोडलेलं दाखवलंय, तो रात्री झोपत नाही, त्याची मुलगी त्याच्याशी बोलत नाही, लेखकानं थोडा तरी तोल सांभाळायचा प्रयत्न केलाय हे मान्य करायला हवं. रीलमध्ये यातलं काहीच येत नाही, नुसतं घड्याळ काढून ठेवणं आणि फटका. आणि ही कात्रणं काही फक्त चाहतेच टाकतात असं नाही, मालिकेच्या स्वतःच्या पेजवरून जाहिरात म्हणून टाकली जातात. १६+ च्या मालिकेतला सगळ्यात हिंसक तुकडा कापून सगळ्या वयांसाठी मोकळा सोडायचा, याला काय म्हणायचं? निदान निर्मात्यांनी स्वतः तरी हे बंद करावं, यासाठी नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही.

मला माहितीये की हे पत्र छापून आलं तर 'आम्हीही लहानपणी मारामारीचे सिनेमे बघितले, आमचं काही बिघडलं नाही' अशी उत्तरं येतील. तुम्ही तीन तासांचा एक सिनेमा बघायचात, तोही थिएटरमध्ये, आईवडील बाजूला, हीरोनं एकट्यानं वीस जणांना लोळवलेलं, आणि ते खोटं आहे हे सगळ्यांना कळायचं. आताची मालिका खऱ्यासारखी दिसावी म्हणून जिवाचं रान केलेलं असतं, आणि 'सत्य घटनांवर आधारित' अशी पाटी आधी येते. तेरा वर्षांच्या मुलाला त्या पाटीचा अर्थ 'हे असंच घडलं होतं' असाच कळतो, त्यातला कितीसा भाग खरा आणि कितीसा लेखकाच्या डोक्यातला हे त्याला कोणी सांगत नाही.

बंदी घाला असं मी म्हणत नाहीये, उलट बंदीला माझा विरोध आहे. सतरा-अठराच्या मुलांना गुन्हेगारीच्या कथा जरूर बघू द्याव्यात, माणूस असं का वागतो, पैसा, जात, अपमान, एकटेपणा यातून काय काय घडतं हे कळायला चांगल्या गुन्हेकथेसारखी दुसरी गोष्ट नाही. दहावीतली एक मुलगी याच मालिकेमुळे न्यायवैद्यक शास्त्राबद्दल वाचायला लागलीये, हाताचे ठसे कसे उचलतात, मृत्यूची वेळ कशी काढतात ते विचारत असते, तिचं मला कौतुकच आहे. आणि चोरून बघितलेली गोष्ट मुलं कोणाशी बोलत नाहीत, हा बंदीचा सगळ्यात मोठा तोटा. लेखक-दिग्दर्शकांकडे माझं मागणं एवढंच आहे की एका सीझनमध्ये एकदा तरी चुकीचा माणूस खुर्चीवर बसवा. त्यानं मार खाऊन कबूल केलेलं दाखवा, आणि मग खरा गुन्हेगार तोपर्यंत मोकळा फिरत होता हे दाखवा. यात थरार कमी होणार नाही, उलट वाढेल, आणि त्या अधिकाऱ्याच्या भूमिकेत जो नट आहे तो तर हे सोनं करेल.

पालकांसाठी दोन गोष्टी. दाखवणाऱ्या कंपनीला तक्रार करता येते, प्रत्येकीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, आणि नियमाप्रमाणे पंधरा दिवसांत त्यांनी निर्णय द्यायचा असतो. चॅनेलवरच्या मालिकांसाठी चॅनेलवाल्यांच्याच संघटनेनं २०११ पासून तक्रार परिषद स्थापन केलेली आहे. रील्सबद्दल मी तशी तक्रार केलीये, आणखी शंभर जणांनी केली तर तिला वजन येईल. दुसरं म्हणजे ज्यांच्या मुलांनी सगळे एपिसोड बघून झालेत त्यांनी आता मोबाइल काढून घेऊन काही साधणार नाही. त्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसून त्यातला एक एपिसोड पुन्हा बघा, शक्यतो सातवा, ज्यात कारखान्यातल्या वॉचमनला उचलून आणतात. मध्येच थांबवा, फटका पडायच्या आधी. आणि विचारा की आत्ता, या क्षणाला, या अधिकाऱ्याकडे याच्याविरुद्ध नेमका काय पुरावा आहे. मी दहावीच्या वर्गात हाच प्रश्न फळ्यावर लिहिला होता, मुलं वीस मिनिटं भांडली आणि शेवटी त्यांनीच मोजून सांगितलं की त्याच्याविरुद्ध एकच गोष्ट होती, तो त्या रात्री ड्यूटीवर होता. नववीच्या वर्गात हे पुढच्या आठवड्यात करणार आहे.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका
(नाव-पत्ता आपल्याकडे दिलेला आहे, कृपया छापू नये, मुलं ओळखू येतील.)